यीस्ट किती मागवायचं?

आमच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर एक रकाना होता, 'सुचवलेली ऑर्डर' नावाचा. त्या रकान्यात रोज सकाळी उमटणारा आकडा बरोबर यावा, एवढ्यासाठी माझं नोकरीचं आयुष्य गेलं. असं म्हटलं की घरचे हसतात. "एका रकान्यासाठी एवढा पगार?" असं आमच्या ह्यांनी एकदा जेवता जेवता विचारलं होतं. मी म्हटलं, "तो आकडा चुकला की दुकानं बंद पडतात. तुमच्या ऑफिसात काही चुकलं तर कुणाला कळतं तरी का?" त्यानंतर तो विषय निघाला नाही.

काम सांगायला सोपं आहे. तुमच्या घरी गॅसचे दोन सिलिंडर असतात. एक संपला की तुम्ही दुसरा लावता आणि लगेच नवा नंबर लावता. नवा यायला काही दिवस लागणार, तोवर दुसरा पुरेल, हा तुमचा अंदाज असतो. घरात पाहुणे उतरले असतील तर तुम्ही जरा धास्तावता. व्यापाऱ्याचंही असंच असतं. फक्त त्याच्याकडे दोन सिलिंडरऐवजी हजारो वस्तू असतात, प्रत्येक वेगळ्या गावाहून येते, कुणी पेटीशिवाय विकत नाही, कुणी अख्ख्या गाडीशिवाय विकत नाही. मग सॉफ्टवेअर प्रत्येक वस्तूमागे तेच प्रश्न विचारतं. रोज सरासरी किती जातं? माल यायला किती दिवस लागतात? तेवढ्या दिवसांची सोय धरायची, वर थोडा आधार ठेवायचा. त्यातून गोदामात असलेला आणि वाटेवर असलेला माल वजा करायचा. उरेल ते मागवायचं.

गणित शाळेतलं आहे. खरी मेख आहे ती 'रोज सरासरी किती जातं' या निरागस प्रश्नात. माझ्या नोकरीतल्या बहुतेक सगळ्या गमती, भांडणं आणि धावपळी त्या एका प्रश्नापायी झाल्या.

सदाशिव पेठेत मिठाईच्या खोक्यांचे एक घाऊक व्यापारी होते, आपटे नावाचे. आमचं सॉफ्टवेअर त्यांच्या मुलानं घेतलं होतं, वडिलांना न विचारता. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता मला थोरल्या आपट्यांचा फोन आला. "आपण जरा येऊन जाता का? वेळ असेल तर. नसेल तरी या."

गेले. पडद्यावर खोक्यांचा डोंगर सुचवलेला होता आणि तो ताबडतोब मागवायला सांगितला होता. मागच्या वर्षी ऑक्टोबरात खोकी तुफान गेली होती, म्हणून यंदाही ऑक्टोबरात जाणार, असा सॉफ्टवेअरचा हिशेब. यंदा मात्र अधिक महिना आलेला होता आणि दिवाळी नोव्हेंबरात सरकली होती.

"ही खोकी मी आत्ता घेऊन ठेवू कुठे?" आपट्यांनी विचारलं. "आपल्या फ्लॅटमध्ये जागा आहे?"

"काका, सॉफ्टवेअर मागच्या वर्षीचा तोच महिना बघतं."

"मग त्याला एक पंचांग द्या. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. हवं तर मी घेऊन देतो."

मी हसले. ते हसले नाहीत. पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी ऑफिसात भांडून सॉफ्टवेअरला सणांचं वेगळं कॅलेंडर जोडून घेतलं, म्हणजे विक्रीची तुलना महिन्याशी न होता सणाशी व्हावी. आपट्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "चला, आता हे पुण्यात राहायला लायक झालं." पुण्यात याहून मोठं कौतुक मिळत नाही, हे मला ठाऊक असल्यामुळे मी खूश होऊन परतले.

या आपट्यांकडून केकची खोकी घेणारे एक गृहस्थ होते, इक्बालभाई तांबोळी. हडपसरला त्यांचं बेकरीच्या कच्च्या मालाचं मोठं गोदाम. मैदा, मार्गारीन, इसेन्स, यीस्ट, सगळं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, मराठी आपट्यांइतकीच धारदार. सणांच्या कॅलेंडरची गोष्ट कानावर गेल्यावर त्यांनी मला फोन केला.

"ताई, तुम्ही दिवाळीचं बघितलंत म्हणे. आमचा रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. तो बघता येईल?"

"येईल."

"बघा बरं. नंतर चंद्र दिसला नाही म्हणू नका."

त्यांच्याकडे सॉफ्टवेअर बसवताना माझी गाठ त्यांच्या मुलीशी पडली. सना तेव्हा नुकतीच एमबीए करून वडिलांच्या धंद्यात आली होती. चुणचुणीत मुलगी. माणसांशी बोलण्यापेक्षा तिला पडद्याशी बोलायला आवडायचं. बाप-लेकीत रोज सकाळी एकच वाद. ती म्हणायची, "अब्बा, सिस्टिम काय म्हणते ते तर बघा." आणि ते म्हणायचे, "तुझ्या सिस्टिमनं कधी पाव खाल्लाय?" मी दोघांच्या मध्ये बसून चहा प्यायचे. चहा फार चांगला असायचा.

आता यीस्टबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पाव फुगतो तो यीस्टमुळे. आपल्या छोट्या बेकऱ्या बहुतेक ताजं यीस्ट वापरतात. पनीरच्या वडीसारख्या त्याच्या वड्या असतात. ते जिवंत असतं, थंडीत ठेवावं लागतं आणि फार टिकत नाही. कमी मागवलं तर पाव नाही. जास्त मागवलं तर काही आठवड्यांत ते मरतं, आणि त्याचा जो वास सुटतो तो एकदा घेतलेला माणूस पुन्हा चूक करत नाही. थोडक्यात, सुचवलेल्या ऑर्डरची खरी परीक्षा घ्यायची असेल तर यीस्टवर घ्यावी.

ती परीक्षा एका हिवाळ्यात आली. दिवाळी होऊन गेली होती, लग्नसराई तोंडावर होती. तांबोळींना यीस्ट पुरवणाऱ्या कारखान्यात काहीतरी मोठा बिघाड झाला आणि कारखाना बंद राहणार असं कळलं. ही बातमी बेकऱ्यांमध्ये पसरायला सकाळ ते दुपार एवढाच वेळ लागला. कोरडं यीस्ट मिळायचं, पण बऱ्याच जुन्या कारागिरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि बघता बघता तेही बाजारातून दिसेनासं झालं.

मी गोदामात पोचले तेव्हा सनाचा चेहरा उजळलेला होता आणि इक्बालभाईंचा पडलेला.

"मॅडम, यीस्टची डिमांड डबल झालीय!" सना म्हणाली. "डबलपेक्षा जास्त. हे बघा, सुचवलेली ऑर्डर. कर्नाटकातल्या एका कारखान्याशी बोलणं झालंय, ते द्यायला तयार आहेत. फक्त अख्खी थंड गाडी घ्यावी लागेल आणि माल परत घेणार नाहीत. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय. सिस्टिमच्या आकड्याप्रमाणे अख्खी गाडी आरामात लागतेय. उलट कमीच पडेल."

मी इक्बालभाईंकडे पाहिलं.

"मी कधी एवढं यीस्ट एकदम मागवलं नाही," ते म्हणाले. "पण ताई, एवढ्या ऑर्डरी मी कधी बघितल्याही नाहीत. सगळे ओरडतायत. नाही म्हणू कसा? माझ्या वडिलांपासूनची गिऱ्हाइकं आहेत."

आकडे तपासले. सॉफ्टवेअर चुकलेलं नव्हतं. मागच्या काही दिवसांत यीस्ट खरोखरच दुपटीनं उचललं गेलं होतं आणि त्याच्यावर न पुरवलेल्या ऑर्डरींची रांग लागली होती. त्यानं दोन्हींची बेरीज केली, गाडी यायला लागणारे दिवस धरले आणि आकडा सुचवला. त्याला दिलेल्या माहितीतून दुसरा आकडा निघूच शकत नव्हता. तरी तो मला पटेना. काय खटकतंय ते मात्र सांगता येत नव्हतं.

"लग्नसराई आहे मॅडम," सना म्हणाली. "केटरिंगवाले पाव नेतात. डिमांड खरीच वाढली असेल."

हेही अशक्य नव्हतं. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? मग संध्याकाळी सांगू."

"तोवर दुसऱ्यानं गाडी घेतली तर?"

"तर त्याचं नशीब," इक्बालभाई मध्येच म्हणाले. चांगलं की वाईट ते त्यांनी सांगितलं नाही.

मी उठून गोदामाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. विचार करायचा असला की मला पडद्यासमोर बसवत नाही. दाराशी तुपे शेठच्या बेकरीचा टेम्पो भरत होता. ती म्हणजे हडपसरमधली जुनी, मोठी भट्टी. हमालांनी आधी यीस्टच्या पेट्या चढवल्या, एकावर एक, चांगल्या छातीएवढ्या उंच. मग मैद्याची पोती चढवायला घेतली, आणि थोड्याच वेळात टेम्पोवाल्यानं मागचा फळका लावला.

"एवढाच मैदा?" मी विचारलं.

"नेहमीचाच हाय की," तो म्हणाला. "जास्त घेऊन ठिवायचा कुठं? उंदीर हायेत."

मी आत गेले. सनाला म्हटलं, "यीस्ट राहू दे. मैद्याची विक्री काढ. मागच्या महिन्याची आणि या आठवड्याची."

तिनं काढली. आलेखात मैद्याची रेघ जवळजवळ सपाट होती. लग्नांमुळे असेल, किंचित वर कललेली.

यीस्टशिवाय पाव होत नाही आणि मैद्याशिवाय तर मुळीच होत नाही. पाव दुपटीनं होत असता तर मैदाही दुपटीनं गेला असता. मैद्याचं पोतं मोठं, त्याला जागा लागते, म्हणून कुणी साठवत नाही. यीस्टची पेटी छोटी, फ्रिजमध्ये कोपऱ्यात सरकवता येते. पाव तेवढेच होत होते. वाढली होती ती भीती, आणि आमचं सॉफ्टवेअर तिला मागणी समजून बसलं होतं.

सनानं यीस्टची रेघ काढून मैद्याच्या शेजारी लावली. मग म्हणाली, "म्हणजे पाच हवे असलेला दहा मागतोय, कारण त्याला वाटतंय की पाचच मिळतील."

"हो."

"आणि आपण दहा धरून मागवणार होतो."

"मी नाही," इक्बालभाई म्हणाले. पण त्यांच्या आवाजात सुटका होती.

नोकरीत असे क्षण फार आले नाहीत, म्हणून सांगते, मला त्या वेळी स्वतःचा भयंकर अभिमान वाटला. मैद्यावरून यीस्टचा हिशेब मांडला. लग्नांसाठी थोडं वर धरलं. आकडा आला अर्ध्या गाडीचा. पण कारखाना अर्धी गाडी देणार नव्हता. तिथं इक्बालभाईंनी आपली करामत दाखवली. त्यांनी कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला, आधी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग हवापाण्यावर बोलले, आणि शेवटी सहज सांगावं तसं म्हणाले, "कर्नाटकातून यीस्टची गाडी आणतोय, वाटेत तुमच्याकडे अर्धी उतरवू का?" त्या व्यापाऱ्याची तीच अडचण असणार. तो लगेच हो म्हणाला. संध्याकाळच्या आत गाडी ठरली.

प्रश्न उरला तो गाडी येईपर्यंतच्या दिवसांचा. कोल्ड रूममध्ये थोडाच माल होता. ज्यानं आधी ओरड केली त्याला देत राहिलो असतो तर दुसऱ्या दिवशी दुपारीच ती रिकामी झाली असती. मी सुचवलं, "ज्यानं जेवढा मैदा नेला, त्या प्रमाणात यीस्ट द्या. भट्टी जेवढी चालते तेवढं मिळेल, साठवायला मिळणार नाही."

इक्बालभाईंना पटलं. सनानं ते तासाभरात सॉफ्टवेअरमध्ये बसवलंही. प्रत्येक बेकरीच्या नावापुढे तिच्या मैद्यावरून ठरलेल्या यीस्टच्या वड्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून शिव्या सुरू झाल्या, पण कुणाचीही भट्टी बंद पडली नाही. मी मनातल्या मनात घरी जाऊन काय काय सांगायचं ते जुळवत होते.

तेवढ्यात एक बाई स्कूटर लावून तरातरा आत आल्या. वय पस्तिशीचं, ओढणी कमरेला खोचलेली, बाह्यांना पीठ.

"इथं सायेब कोन हाय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एक वडी टेबलावर ठेवली. "ही एक वडी धाडली मले. एक! याच्यात मी काय करू, सांगा बरं?"

या मंगलाताई इंगळे. मूळच्या अकोल्याकडच्या. नवऱ्याची कंपनीतली नोकरी सुटल्यावर दोघांनी वारज्यात छोटी बेकरी टाकली होती. सनानं त्यांचं नाव पडद्यावर शोधलं.

"ताई, तुम्ही आमच्याकडून मैदा घेतच नाही. एखादं पोतं कधीतरी. त्यावरून एकच वडी येतेय."

"मैदा तं मले वारज्यातच भेटते. इतक्या दुरून पोतं कायले आणू? यीस्ट तेवढं तुमच्याकडून नेतो. तुमच्या कागदावर मैदा नाही म्हून मी पाव करतच नाही का?"

सनानं पडद्यावरचं ते नाव पुन्हा एकदा तपासलं.

"परवापासून हॉस्पिटलच्या कॅन्टीनचं काम भेटलं हाय," त्या म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता. "त्याहीनं आधीच्या बेकरीवाल्याले काढलं, कावून की तो एक दिवस आलाच नाही. मले काढाले त्यायले किती वेळ लागन?"

माझा हिशेब चोख होता, पण तो फक्त आमच्या गोदामातून मैदा नेणाऱ्यांपुरता. या बाई त्या गणितात बसतच नव्हत्या. मी म्हटलं, "चला, तुमची बेकरी दाखवा."

सना म्हणाली, "मीही येते." ती कुठल्याही गिऱ्हाइकाच्या जागेवर पहिल्यांदाच जात होती. सॉफ्टवेअर घरबसल्या चालतं, त्यामुळे तिला तशी वेळच आली नव्हती.

वारज्यात एका गल्लीत तळमजल्यावर दोन गाळ्यांची ती बेकरी. भट्टी विजेची, मध्यम. मंगलाताईंचे यजमान ट्रे पुसत होते. नवे कोरे ट्रे रॅकवर रचलेले, कॅन्टीनसाठी खास घेतलेले. सनानं ते मोजले, एका ट्रेमध्ये किती पाव बसतात ते विचारलं, दिवसातून किती घाणे निघतात ते विचारलं. कोपऱ्यातली वारज्याच्या दुकानातली मैद्याची पोती तिनं स्वतः हात लावून पाहिली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "मॅडम, यांना रोज किती लागतं ते मला कळलं. पण द्यायला आहे कुठे? सगळं वाटून झालंय. यांना दिलं तर कुणाचं तरी कापावं लागेल."

"हो."

"आपल्या कोल्ड रूममध्ये नाही, पण पुण्यात यीस्ट आहे," ती सावकाश म्हणाली. "या आठवड्यात आपणच दुपटीनं विकलंय. ते कुणी खाल्लं नाहीये, ते लोकांच्या फ्रिजमध्ये आहे."

मला हे सुचलं नव्हतं. मी भीती ओळखून ती हिशेबातून वजा केली, आणि तिथेच थांबले होते. त्या भीतीनं उचललेला माल अजून कुठेतरी पडून आहे, हा पुढचा विचार या मुलीनं केला.

परत हडपसरला आलो आणि इक्बालभाईंना घेऊन थेट तुपे शेठच्या बेकरीत गेलो. तुपे शेठ गल्ल्यावर बसलेले होते.

"यीस्ट?" ते म्हणाले. "आमच्याकडं कुठलं? तुम्हीच दिलं नाय. मैद्याच्या मापानं मोजून दिलंय या टायमाला."

"शेठ, तुमच्या टेम्पोत छातीएवढ्या पेट्या चढताना मी स्वतः पाहिल्यात," मी म्हटलं.

"ते लगीनघाईसाठी."

इक्बालभाईंनी खुर्ची ओढली. "तुपे, तुमच्या वडिलांना माझे वडील यीस्ट द्यायचे. तेव्हा फ्रिज नव्हता, बर्फाच्या लादीवर ठेवायचे. तेव्हाही तुम्ही लपवायचात का?"

तुपे शेठ रागावले. आता काही मिळत नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात सना पुढे झाली.

"काका, तुमच्याकडे आहे ते तुम्ही रोज वापराल तेवढं वापरून संपेपर्यंत बरंचसं मरेल. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आमची गाडी निघालीय. आज जे तुम्ही द्याल, तेवढंच ताजं गाडीतून तुम्हाला सगळ्यात आधी मिळेल. जुनं द्या, नवं घ्या. तुमचं काही कमी होत नाही."

"आन् गाडी आली नाय तर?"

"तर मी स्वतः तुमच्या दारात येऊन बसेन. आणि अब्बा सोबत असतील, बोलत."

तुपे शेठ इक्बालभाईंकडे बघून पहिल्यांदा हसले. मग आत हाक मारली, "आरं, फ्रिजातल्या पेट्या काढा."

मग सना सुटलीच. दुपारभर तिनं एकेका बेकरीला फोन केला. पडद्यावर ज्यांनी मैद्याच्या मानानं यीस्ट जास्त नेलं होतं त्यांची नावं आयतीच समोर होती. काहींनी फोन ठेवून दिला. काहींनी अजिबात नाही म्हणून सांगितलं आणि थोड्या वेळानं स्वतःच पेटी घेऊन आले. तुपे शेठनं दिलं म्हटल्यावर बऱ्याच जणांना लाज वाटली असावी, किंवा गाडीतून आधी मिळण्याचा मोह झाला असावा. मंगलाताईंचं यीस्ट संध्याकाळी वारज्याला पोचलं. ते घेऊन इक्बालभाई स्वतः गेले. का, ते त्यांनी सांगितलं नाही, पण परतताना त्यांच्या हातात पावाची एक लादी होती आणि ती त्यांनी सगळ्या हमालांना वाटली.

गाडी ठरल्या दिवशी आली. तुपे शेठना त्यांच्या पेट्या सगळ्यात आधी मिळाल्या. मंगलाताईंचं कॅन्टीन सुटलं नाही. आमच्या शब्दाखातर ज्यांनी माल परत दिला होता, त्यांच्यापैकी एकालाही दिलेला शब्द आम्ही खोटा पडू दिला नाही. याचा मला त्या मैद्याच्या शोधापेक्षा जास्त अभिमान आहे, आणि यातला मोठा वाटा माझा नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली आणि ती मला अजून बोचते. 'सुचवलेली ऑर्डर' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा, असं मी ऑफिसात बरीच वर्षं म्हणत होते. हा आकडा का आला, ते साध्या मराठीत एका ओळीत सांगणारा. 'मागच्या आठवड्यात अचानक जास्त गेलं म्हणून.' 'मागच्या वर्षी दिवाळी या महिन्यात होती म्हणून.' असं काहीतरी. म्हणजे बघणाऱ्याला निदान शंका तरी यावी. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, चांगली कल्पना आहे, पुढच्या आवृत्तीत बघू. मी निवृत्त झाले तेव्हाही पुढचीच आवृत्ती चालू होती. आकडा दिला की लोकांना बरं वाटतं, तो ठळक अक्षरात असला की आणखी बरं वाटतं, आणि बरं वाटलं की कुणी प्रश्न विचारत नाही. तो ठळक आकडा मीही किती ठिकाणी बसवून दिला आणि सही घेऊन निघून आले. त्यातल्या किती जागी सनासारखं कुणी नव्हतं, कोण जाणे.

यीस्टची गोष्ट मात्र गाडी आल्यावर संपली नाही.

माल मुबलक दिसल्यावर सगळ्यांची भीती एकदम ओसरली. ज्यांच्याकडे थोडंफार साठवलेलं उरलं होतं, ते आधी संपवायला लागले. गोदामातून यीस्ट जवळजवळ कुणी नेईना. आधी रेघ वर उडाली होती, आता ती खाली कोसळली. सॉफ्टवेअरनं तीही प्रामाणिकपणे पाहिली आणि रोज आकडा कमी कमी करत आणला. मला हे होणार हे ठाऊक होतं. सनाला त्याबद्दल सांगायचं मी मनाशी ठरवलंही होतं. पण मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या कामात गुंतले होते, आणि मी सांगायच्या आधीच एका सकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, आज यीस्टला शून्य सुचवतंय."

"सना, ऐक, मैद्याची—"

"मैदा बघितला. नेहमीसारखाच जातोय. म्हणजे भट्ट्या चालू आहेत, लोक घरातलं संपवतायत. संपलं की सगळे एकाच वेळी येतील. मी ऑर्डर टाकली."

"किती?"

तिनं सांगितलं. मी मनात हिशेब केला. मी त्याहून बरंच कमी सांगितलं असतं.

"जरा जास्त नाही होत? यीस्ट आहे, मरेल."

"नाही मरणार. मी काल सहा बेकऱ्यांमध्ये जाऊन आले. आणि मंगलाताईंना एका कॉलेजच्या मेसचं काम मिळालंय, ते सिस्टिमला माहीत नाही."

"मग फोन कशाला केलास?"

"सांगायला," सना म्हणाली. "विचारायला नाही."

मागून इक्बालभाई कुणाला तरी सांगत होते, "बघा, आता हिला सिस्टिमही लागत नाही आणि मीही."

त्या आठवड्यात बेकऱ्या खरंच एकदम आल्या. सगळ्यांना पुरलं, आणि कोल्ड रूममध्ये शिल्लक राहिल्या त्या मोजक्याच पेट्या. नंतर एकदा मी सहज तिची ऑर्डर आणि माझा आकडा शेजारी शेजारी मांडून बघितले. माझ्या आकड्यानं माल मागवला असता, तर शेवटच्या दोन दिवसांत तीन बेकऱ्यांना रिकाम्या हातानं परत जावं लागलं असतं. सनानं हे मला कधीच सांगितलं नाही. बहुतेक तिनं तो हिशेब केलाही नसेल. तिला पुढच्या आठवड्याची ऑर्डर टाकायची होती.